न झालेल्या विहीणबाईंस

हर्नडन, १६ फेब्रुवारी २०२५

न झालेल्या विहीणबाई मीनाक्षी यांस,

साष्टांग नमस्कार घालण्याजोगी पाठ आता राहिलेली नाही, तेव्हा उभ्याउभ्याच घेणे.

तुझं पार्सल काल पोचलं. आत काय होतं ते तुला माहीत आहे, पण पोच द्यायची रीत आहे. साखरपुड्यात आम्ही इशिताला नेसवलेली मोरपंखी पैठणी. तिच्या घडीत अंगठी. ओटीतली चांदीची वाटी. आणि सगळ्यांत खाली, टॉवेलात गुंडाळलेलं, तुझं सायकलचं हेल्मेट.

साडीचं समजले, अंगठीचंही समजले. ठरलेलं मोडलं की मुलीकडच्यांनी वस्तू परत करायच्या, मान्य. पण हेल्मेट? ते मी तुला तुझ्या वाढदिवसाला दिलं होतं. ऋषीनं इशिताला दिलेलं नव्हतं. मानपानात हेल्मेट कुठल्या आधारानं बसवलंस ते कळव. एम.ए.ला धर्मशास्त्राच्या पेपरात तुला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते, तेव्हा आधार असणारच.

आपल्या मुलांचं म्हणशील तर, डिसेंबरात दोघांनी मिळून व्हिडिओ कॉल करून आपल्याला सांगितलं की आम्ही बेस्ट फ्रेंड्स आहोत, पण मॅरेज म्हटलं की वीअर्ड वाटतं. पहिल्यांदा इशिता म्हणाली, मग माझे चिरंजीव "सेम" म्हणाले. त्यानंतर ती दोघं पूर्वीपेक्षा जास्त बोलतात. गेल्या शनिवारी ऋषी जर्सी सिटीला जाऊन तिचा सोफा तिच्या नव्या फ्लॅटमध्ये चढवून आला. मोडलेल्या लग्नातला नवरा, मोडलेल्या लग्नातल्या नवरीचा सोफा. आणि अबोला कोणी धरला? तर ज्या दोघींचं लग्न कधी ठरलंच नव्हतं, त्यांनी. दुरुस्ती : त्यांतल्या एकीनं.

तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस, फोन उचलत नाहीस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय सनीव्हेलमध्ये अजून झालेली नसावी, म्हणून हे पत्र.

मुद्द्याचं सांगते. मे महिन्यात आपल्याला फ्रान्सला जायचं आहे. मुलांच्या लग्नाआधी नवऱ्यांना घरी ठेवून आपण दोघींनी जायचं, असं ठरवलं होतं. लग्न गेलं. फ्रान्स जागेवर आहे. बरगंडीतली ती जुनी रेल्वेलाइनही जागेवर आहे : रूळ उखडून डांबर घातलेली, मोटारींना मज्जाव असलेली, द्राक्षमळ्यांतून आणि कुरणांतून जाणारी. तिकडे तिला हिरवी वाट म्हणतात. नकाशा पहिल्यांदा पाठवला होतास तो तूच. खाली लिहिलं होतंस, "नागपूरला कॉलेजात जाताना ट्रकवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, आता एकदा बिनशिव्यांची सायकल चालवू."

मी काहीही कॅन्सल केलेलं नाही. एकटी जाणार नाही हेही सांगून ठेवते, कारण मला पंक्चर काढता येत नाही आणि तुला नकाशा वाचता येत नाही. आपण दोघी मिळून एक सायकलस्वार होतो.

पैठणी ठेवून घेतली. हेल्मेट उलट टपाली.

तुझी
सुलेखा


हर्नडन, २३ मार्च

प्रिय मीनाक्षी,

हेल्मेट अजून परत आलेलं नाही. तू ते ठेवून घेतलंस किंवा कुणाला दान केलंस. मी पहिला अर्थ धरून चालते. संशयाचा फायदा आरोपीला.

आमच्याकडे सराव जोरात चालू आहे. आमच्या गावातून जाणारी ट्रेलही जुन्या रेल्वेचीच, हे तुला आठवत असेल. स्टेशनजवळ तो लाल डबा अजून उभा आहे, कुठेही न जाता. रोज सकाळी मी तिथून निघते. अर्धं हर्नडन तिथे भेटतं. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा पांढऱ्या बुटांत आणि कानटोपीत फिरत असतात. मागून कुणी डावीकडून पुढे जायचं म्हणून "ऑन युअर लेफ्ट" ओरडलं की सूचनेला मान देऊन नेमके डावीकडे सरकतात. मी त्यांच्याकरता घंटी वाजवते आणि "काका, आहात तिथेच राहा" म्हणते. परवा एक काका उलट मलाच म्हणाले, "या वयात कशाला हे, पडाल."

मी पडलेली नाही. गुडघ्याला जे बांधलं आहे ते वेगळ्या कारणासाठी.

शैलेंद्र मला एकटीला सोडायला तयार नाही, पण सायकल चालवायलाही तयार नाही. त्याचा तोडगा असा की तो गाडीनं पुढच्या क्रॉसिंगला जाऊन पाण्याची बाटली आणि केळं घेऊन उभा राहतो, मुलीच्या बोर्डाच्या परीक्षेला सेंटरबाहेर उभ्या असलेल्या बापासारखा. मी दिसले की म्हणतो, "पेपर कसा गेला?" ॲशबर्नपलीकडे ट्रेलच्या कडेनं डेटा सेंटरांच्या बिनखिडक्यांच्या भिंती लागतात. तिथे तो अभिमानानं थांबतो. त्यातल्या एका भिंतीच्या आत त्याचं सगळं आयुष्य गेलं, पण कुठल्या ते त्यालाही नक्की सांगता येत नाही.

काल इशिताचा फोन आला होता. तू रागावू नकोस, तिनं आपण होऊन केला. मला ती मावशीच म्हणते. साखरपुडा झाल्यावरही मावशीच म्हणत होती, तेव्हाच आपण ओळखायला हवं होतं.

ती म्हणाली, "मावशी, आई माझ्यावर मॅड आहे की तुझ्यावर? मी विचारलं की एकच सांगते, कोणत्या तोंडानं जाऊ सुलेखाकडे. व्हॉट डझ दॅट ईव्हन मीन? तिला एकच तोंड आहे."

मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र हसू आलं नाही.

मी समजत होते, तू चिडली आहेस. चिडलेली मीनाक्षी मला सांभाळता येते, त्याचा मला तीस वर्षांहून जास्त अनुभव आहे. तू चिडलेली नाहीसच. तुला लाज वाटते आहे. तुझ्या मुलीनं आधी नाही म्हटलं, म्हणून तू मुलीकडची होऊन मान खाली घालून सनीव्हेलला बसली आहेस.

तू? स्वतःच्या लग्नात सासूचे पाय धुवायला तुझी आई तांब्या घेऊन उठली, तर शालूसकट पुढे होऊन तो तांब्या हातातून काढून घेतलास आणि स्वतःच पाणी पिऊन टाकलंस, ती तू? सगळा मांडव गप्प झाला होता. तुझ्या सासूबाई तेवढ्या हसल्या आणि म्हणाल्या, "चला, पोरीला तहान लागली होती." त्या बाईमुळे तुझा संसार निभला, प्रसादमुळे नाही, हे प्रसादही कबूल करतो.

मुलीकडची आणि मुलाकडची हा हिशेब मी तुझ्याकडूनच विसरायला शिकले. आता तूच आठवण करून देऊ नकोस.

सुलेखा

ता.क. तुझी सायकल मी तुझ्या उंचीची सांगितली आहे. म्हणजे मुलांच्या विभागातली.


हर्नडन, २० एप्रिल

मीनाक्षी,

इशितानं तुला माझ्या गुडघ्याचं सांगितलंच असेल. बरं, पडले. आमच्या ट्रेलवरच्या व्हिएन्ना गावाच्या पुढे, एका बदकामुळे. बदकाला काही झालं नाही. ऋषी दोन दिवस येऊन राहिला आणि मला खुर्चीतून उठू देईना. डॉक्टर म्हणाले, मेपर्यंत ठीक होईल. शैलेंद्र म्हणाला, ही खूण समज. मी म्हटलं, खूण कसली, बदक होतं.

उठता येत नव्हतं त्या दिवसांत खूप विचार केला. त्यातला थोडा तुला सांगते. आज थट्टा कमी करणार आहे, सांभाळून घे.

तुझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळची गोष्ट. प्रसाद पुण्यात अडकला होता, इशिताची परीक्षा होती, म्हणून मी विमानानं आले. इस्पितळातल्या मुलीनं विचारलं, तुमचं पेशंटशी नातं काय? मी म्हटलं, फ्रेंड. ती नम्रपणे म्हणाली, मग तुम्ही बाहेर बसा, फॅमिलीला आत बोलावू. तिची चूक नव्हती, नियमच तो. मी कॉफी मशीनजवळ बसून राहिले. तू शुद्धीवर आलीस तेव्हा तुझ्याजवळ कुणीच नव्हतं.

तू घरी आल्यावर आपण दोघी यावर भरपूर हसलो. आणि त्याच वर्षी दिवाळीत तू म्हणालीस, "आपल्या पोरांचं जमलं तर काय मजा येईल, नाही?" मी तेव्हा दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या नाहीत. तूही जोडल्या नसशील. पण बघ ना : वहिनीची ओटी भरतात, नणंदेला साडी नेसवतात, विहिणीला तर पाटावर बसवून मिरवतात. मैत्रिणीला काय? सोळा संस्कार आहेत आपल्याकडे, गर्भाधानापासून अंत्येष्टीपर्यंत. मैत्रीला एकही नाही. म्हणून आपण दोन चांगल्या, समजूतदार पोरांना पाटावर बसवून आपल्यासाठी नातं तयार करून घ्यायला निघालो. आपलं हे पुरोहितपण त्यांनी किती दिवस सहन केलं, हेच नवल.

आणि आता शास्त्राचं ऐक, कारण तुला त्याशिवाय पटत नाही. सप्तपदी आठव. पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं बळासाठी, मग धन, सुख, प्रजा, ऋतू. आणि सातव्या पावलाशी तो तिला काय म्हणतो? सखी हो, म्हणतो. एवढा होम, एवढा धूर, तीनशे पाहुणे, आणि पोचायचं कुठे, तर मैत्रीला. आपण दोघी एम.ए.च्या पहिल्या वर्षालाच तिथे पोचलो होतो, कॅन्टीनमध्ये, बिनहोमाच्या. मग इतक्या वर्षांनी मागे फिरून पुन्हा पहिल्या पावलापासून सुरुवात करायची हौस आपल्याला का आली?

इशितानं नाही म्हटलं, त्यात तिनं आपलं काही मोडलं नाही. आपल्याकडे आधीपासून जे होतं, ते तिनं आपल्याला परत दिलं. तू ते टॉवेलात गुंडाळून मला पाठवू नयेस, एवढंच माझं म्हणणं.

आता निर्णय. फेब्रुवारीत लिहिलं होतं, एकटी जाणार नाही. जाणार आहे. पंक्चर काढायला यूट्यूबवर शिकते आहे. हात काळे होतात, ट्यूब तशीच राहते. पण दोन सायकली सांगितल्या आहेत, त्या दोनच राहतील. अकरा मेला, रविवारी, सकाळी शालों स्टेशनसमोरच्या सायकलच्या दुकानात मी असेन. आलीस तर बोल किंवा बोलू नकोस. फक्त ये.

सुलेखा


ब्युक्सी, १२ मे, सोमवार संध्याकाळ

मीनाक्षी,

हे पत्र तुझ्या खोलीच्या दाराखालून सरकवते आहे. टपाल खर्च नाही.

तू आलीस. ते हेल्मेट घालूनच स्टेशनाच्या जिन्यावरून उतरलीस. मी काही बोलायच्या आत दुकानात शिरून आपली सायकल उचललीस, सीट खाली केलीस आणि निघालीस. मी "बोलू नकोस" असं लिहिलं होतं. इतकं शब्दशः घेशील असं वाटलं नव्हतं.

दोन दिवस आपण एकामागे एक चाललो आहोत. वाट मात्र तुझ्या नकाशात होती त्याहून सुंदर निघाली. जुनी स्टेशनं तशीच आहेत, पाटीवर गावाचं नाव, पण फलाटावर गाडीची वाट बघणारं कुणी नाही, नुसत्या गुलाबाच्या वेली. दोन्ही बाजूंना मळे, मधून पांढऱ्या गाईंची कुरणं. मोटारीचा आवाज म्हणून नाही. इतकी शांतता की तुझा अबोलासुद्धा ऐकू येतो.

जेवणाच्या बाबतीत मात्र आपण फसलो. आपल्या माणसाला वाटतं, गाव म्हटलं की कोपऱ्यावर निदान एक चहाची टपरी असणार. इथे सोमवारी गावच बंद असतं. बेकरी बंद, दुकान बंद, हॉटेलाच्या दारावर पाटी. मी चौकातल्या बाकावर बसून मनातल्या मनात सगळ्या बरगंडीला शाप देत होते, तेव्हा तू पिशवी उघडलीस. दशम्या. शेंगदाण्याची चटणी. कैरीचं लोणचं, तीन पिशव्यांत गुंडाळलेलं. माझ्या पुढ्यात ठेवलंस आणि पाठ फिरवून आपलं खायला लागलीस. सनीव्हेलहून फ्रान्सला दोन माणसांच्या दशम्या घेऊन येणारी बाई "मी येणारच नव्हते" असं म्हणू शकत नाही. हे पुराव्यात लिहून घेतलं आहे.

आता दुपारच्या प्रकाराबद्दल.

आपल्याकडे भांडणात मध्ये तिसरं माणूस लागतं. घरी असतो तर तू प्रसादला म्हणाली असतीस, "सांगा हो तिला," आणि मी शैलेंद्रला. इथे तिसरं कुणी नाही. आहे त्याला मराठी येत नाही. मी उतारावर जरा जोरात निघाले, गुडघा दुखतो म्हणून ब्रेक नीट दाबत नव्हते, हे तू मागून बघितलंस. कुंपणाशी एक गाय उभी होती. तू सायकल थांबवलीस आणि त्या गाईकडे बघून मोठ्यानं म्हणालीस :

"सांग गं हिला, पुढचा ब्रेक एकटा दाबू नये. उलटी पडेल."

गाईनं माझ्याकडे बघितलं. मी तिला म्हटलं, "सांग हिला, मला माहीत आहे."

"सांग हिला, माहीत असतं तर बदकावर पडली नसती."

ती गाय आपल्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. तिच्या आयुष्यात इतकी जबाबदारी कुणी टाकली नसेल. मग ती शेपूट हलवून निघून गेली आणि आपण पुन्हा गप्प.

मी पुढे होते, म्हणून तू माझं तोंड बघितलं नाहीस. मी हसत होते असं समज.

सुलेखा


बेर्झे, १५ मे, संध्याकाळ

मीने,

आज लिहायचं कारण खरं म्हणजे उरलेलं नाही. पण सवय लागली आहे, आणि आजचं मला कागदावर हवं आहे. उद्या मासोंहून गाडी पकडायची, मग तू तुझ्या किनाऱ्याला, मी माझ्या.

क्लुनी सोडल्यावर चढ लागला, आणि चढ संपला तिथे तो बोगदा. पाटी होती की हिवाळाभर तो वटवाघळांसाठी बंद ठेवतात. मला ते आवडलं. झोपलेल्यांना उठवू नये एवढ्यासाठी अख्खा रस्ता बंद करणारे लोक. आत मिणमिणते दिवे, भिंतींवरून पाणी झिरपत होतं आणि बाहेर मे महिना असून आत पौष महिना. पलीकडचं तोंड दिसत नव्हतं. मी पुढे, तू मागे. चाकांचा आवाज चारपट होऊन परत येत होता.

आणि मधोमध कुठे तरी तू बोललीस. गाय नव्हती, कुणी नव्हतं.

"सुले, तुला खरंच राग नाही आला? माझ्या पोरीनं तुझ्या पोराला नाही म्हटलं."

मी म्हटलं, "मला हायसं वाटलं. साखरपुड्यात ती दोघं भाऊबीजेला बसल्यासारखी बसली होती."

तू हसली नाहीस. मग म्हणालीस, "मला वाटलं, आता तुझ्याकडे यायला मला निमित्तच उरलं नाही."

तेव्हा मला कळलं की मी चार पत्रं लिहून जे शोधत होते ते हे होतं. लाज वगैरे वरवरची. तुझा हिशेब असा होता की विहीण झालीस की दिवाळीला येशील, नातवंडांना बघायला येशील, आजारी पडलीस तर मी आत येऊन बसेन. ते गेलं तर आता कशाच्या जोरावर? मीही तोच हिशेब घातला होता. माझा डिसेंबरातच चुकला, तुझा मेपर्यंत चालला.

मला तुला फार काही छान उत्तर द्यायचं होतं. एवढं संस्कृत शिकलेली बाई. प्रत्यक्षात तोंडातून निघालं ते असं :

"निमित्त कशाला? दिवाळीला मला चकल्या जमत नाहीत. तेवढ्यासाठी ये."

"तुला कधीच जमल्या नाहीत," तू म्हणालीस.

"म्हणूनच कधीपासून येतेस."

मग पलीकडचा उजेड दिसायला लागला. बाहेर आल्यावर तू सायकल कुंपणाला टेकवलीस आणि नाक शिंकरलंस, खालच्या खोऱ्यातल्या सगळ्या द्राक्षमळ्यांना ऐकू जाईल असं. मी नकाशा बघत होते. नकाशात बघण्यासारखं काही नव्हतं, वाट एकच होती.

त्यानंतर तू जी बोलायला लागलीस ती अजून थांबलेली नाहीस. प्रसादचं कोलेस्टेरॉल, इशिताच्या बॉसचा स्वभाव, ती मंडळातली बाई जी सगळ्यांना विचारते की लग्न का मोडलं. आता तिला सांगणार आहेस की मुलं चांगली होती म्हणून मोडलं. उतारभर बोललीस. मला या हिरव्या वाटेचं शेवटचं टोक नीट बघताही आलं नाही. पुन्हा यावं लागेल. पुढच्या वेळी ऋषी आणि इशिता आली तर येऊ देत, मागे राहायच्या अटीवर.

आत्ता अंगणातल्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे. घरमालकीणबाईंनी सूप ठेवलं आहे. तू समोर पाय पसरून बसली आहेस आणि गेली पाच मिनिटं माझ्या हाताकडे बघते आहेस. शेवटी विचारलंसच, काय एवढं खरडतेस. मी म्हटलं, पत्र. कुणाला? तुला.

"मग तूच वाचून दाखव," म्हणालीस. "माझा चष्मा वर राहिलाय, आणि आता जिना चढवत नाही."

वाचते.